पहिल्या अल्बममधला ताल

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मी काय करून बसलोय ते उद्या तुम्हाला चहाच्या गाडीवर कळणारच, तेही तिखटमीठ लावून. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका.

मी इथं सोलापुरात बँकेत कॅशियर, आणि रविवारच्या पुरवणीत गाण्यांवर लिहितो. तेवढ्यावर लोक मला समीक्षक म्हणतात. मीही म्हणू देतो.

वळसंगची गौरी म्हणून एक पोरगी आहे. स्वतः गाणी लिहिते, स्वतः चाल लावते, गिटार घेऊन गाते. तिचा पहिला अल्बम ऐकताना माझा पाय आपोआप ठेका धरत होता. मी लिहिलं, या मुलीच्या गाण्यात जबरदस्त ताल आहे. बिचारी पेढे घेऊन घरी आली होती.

यंदा दुसरा अल्बम आला. त्याच खुर्चीत बसून ऐकला. पाय हलेना. पुन्हा ऐकला. पाय ढिम्म. मग काय, दिलं ठोकून: शब्द चांगले, आवाज गोड, पण ताल हरवला. वर 'कौतुकाची हवा डोक्यात गेली की असंच होतं' हेही लिहिलं. कुणी विचारलं होतं का मला?

ज्यांनी एक ओळ ऐकली नव्हती तेही पानपट्टीवर सांगायला लागले, "ताल गेला हो पोरीचा." एका तबलजीनं तर तिला फोन करून विचारलं, "मी येऊ का?" इथपर्यंत ठीक होतं. पण पुण्यात तिचा पहिला मोठा कार्यक्रम ठरला होता. त्या लोकांनी माझं परीक्षण वाचून कळवलं, जरा थांबू या.

गौरी पुन्हा घरी आली. ह्या खेपेला पेढे नव्हते. डोळे लाल.

"सर, एकच सांगा. पयल्या अल्बममधी ताल कुटं होता?"

"कुठं म्हणजे? सगळीकडं होता की."

"मी आन गिटार, दोघंच होतो सर. दुसऱ्यातबी दोघंच हाय."

"मला शिकवू नकोस. लाव ते पहिलं गाणं."

तिनं मोबाईलवर लावलं. आणि काय सांगू, माझा पाय लगेच सुरू झाला. मी विजयानं तिच्याकडं बघितलं. "हे काय मग? वाजतंय की."

गौरीनं कान दिला. मग हळूच बोट ठेवून गाणं बंद केलं.

गाणं थांबलं. ताल चालूच.

खटक-खटक, खटक-खटक.

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "अहो, व्यंकटेशअण्णा गावाहून आले वाटतं. माग सुरू झाले."

आमच्या भिंतीपलीकडं अण्णांचा यंत्रमागांवर टॉवेल विणायचा कारखाना. माझा जन्म त्या आवाजात गेलाय. घरातला पंखा जसा ऐकू येत नाही, तसा तोही मला ऐकू येत नाही. पायाला मात्र येत होता. आणि दुसरा अल्बम आला तेव्हा अण्णा भाचीच्या लग्नाला महिनाभर गावी गेले होते, माग बंद.

मला तर भुईत गडप व्हावंसं वाटलं. तिच्यासमोरच पुण्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडचा माणूस इतका हसला की त्याला ठसका लागला. "कार्यक्रम पक्का," तो म्हणाला, "पण तुम्हीही यायचं."

गेलो. पोरगी काय गायली सांगू. नुसती गिटार, आणि हॉल चिडीचूप. माझे डोळे भरून आले. शेवटी तिनं मला स्टेजवर बोलावलं. म्हटलं, मनानं मोठी आहे, शाल देणार.

शाल नव्हती. अण्णांच्या मागावरचा टॉवेल होता. तो माझ्या खांद्यावर घालून ती माईकवर म्हणाली, "सर, तुमचा हरवलेला ताल. सापडला."

आता संपादक माझं परीक्षण हातात घेण्याआधी एकच विचारतात, "लिहिताना अण्णांचे माग चालू होते की बंद?"