‘येतो’ म्हटल्याशिवाय न हलणारी गाडी

आधीच सांगून टाकतो – मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. या पानावर येणारे वाचकांचे अनुभव मी जेवताना बायकोला मोठ्यानं वाचून दाखवतो आणि हसतो. त्यामुळे आता तुम्ही मला हसलात तर तक्रार करायला मला तोंड नाही. मी नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी तपासणीला होतो. दुसऱ्यांच्या कामात खोट काढणं हाच पोटापाण्याचा धंदा. पुराव्याशिवाय मी शेजाऱ्याच्या तापावरसुद्धा विश्वास ठेवत नाही.

नव्वदीच्या शेवटची गोष्ट. देवळाली कॅम्पात एका बाईंच्या गॅरेजमध्ये जुनी विलायती गाडी पडून होती. (कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, तिचा यात काही दोष नाही.) बाईंचे मिस्टर गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. गोल बॉनेट, बटाट्याएवढे हेडलाइट... मी बघताक्षणी खलास! व्यवहार झाला, गाडी टेम्पोला बांधली आणि मी हात जोडले. "बरंय मावशी, जातो आम्ही."

बाई एकदम दचकल्या. "जातो काय? येतो म्हणावं!"

मी आपली मान हलवली आणि टेम्पोत चढलो. म्हातारं माणूस, बोलायचंच.

आमचं सिडकोत रो-हाऊस. पुढे जेमतेम एक गाडी मावेल एवढं पार्किंग, आणि तिथे माझ्या बायकोला, सुनंदाला, शिवणक्लास काढायचा होता. तिनं अट घातली – गाडी दुरुस्त करा, हौस भागवा, पण चालू झाली की विकायची. मी शब्द दिला. दुरुस्त तर होऊ दे, पुढचं पुढे, असा माझा हिशेब.

पुढची तीन वर्षं माझा प्रत्येक रविवार त्या गाडीखाली गेला. सडलेला पत्रा कापून नवा जोडला, वायरिंग बदललं, इंजिन उघडून नव्या रिंगा टाकल्या. कार्बोरेटर मी सुनंदाच्या इडलीच्या भांड्यात रॉकेलमध्ये भिजत घातला, त्यावरून घरात पंधरवडाभर अबोला होता. शेवटी दुधी रंग मारला. गाडी अशी देखणी दिसायला लागली की कॉलनीतले लोक फोटो काढून घेऊन जायचे. फक्त एक अडचण होती. ती सुरू होत नव्हती.

स्पार्क होता. पेट्रोल येत होतं. कॉम्प्रेशन उत्तम. अंबड लिंक रोडच्या अन्वरभाई मिस्त्रींना तीनदा बोलावलं. तिसऱ्यांदा ते फडक्याला हात पुसत म्हणाले, "साहब, हिला काय झालंय ते हिलाच विचारा. माझ्याकडचं सगळं संपलं."

मग एका शनिवारी सकाळी मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलो होतो. सुनंदा पिशवी घेऊन भाजीला निघाली. "अहो, येते हं मी. गॅसवर दूध आहे, बघा!" मी सवयीनं सेल्फ दाबला... आणि धडधडधड! गाडी चालू!

मी आनंदानं इतका ओरडलो की समोरचे काका बनियनवर बाहेर आले. दूध अर्थातच उतू गेलं.

दुपारी पुन्हा बंद. संध्याकाळी सुनंदा देवळात निघाली, "येते हं" म्हणाली – चालू! आता मी क्वालिटीचा माणूस. रीतसर ट्रायल घेतली. "जातो" – ढिम्म. "निघतो" – ढिम्म. "कमिंग" – नुसता खाकरल्यासारखा आवाज. "येतो" – धडधडधड! सुनंदा पायरीवर बसून पदर तोंडाला लावून हसत होती, आणि मी घामाघूम.

पुढच्या रविवारी थेट देवळाली कॅम्प गाठला. बाईंना विचारलं, "मावशी, तुमच्याकडेही ही असंच करायची का?"

"अहो, आमच्याकडे कुणी जातो म्हणायचंच नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "मला कसं कळणार?"

निघताना मी मात्र न चुकता ‘येतो’ म्हटलं.

पण गाडी चालू झाली होती, आणि मी शब्द दिला होता. घाटापलीकडच्या पेठ गावचे एक पोपटराव म्हणून मंगल कार्यालयवाले आले. नवरा-नवरीला बसवून मिरवायला गाडी पाहिजे होती. चारी बाजूंनी फिरून म्हणाले, "लय भारी हाय! ठरलं!" मी हसून मान डोलवली, पण खरं सांगतो, आतून जीव तुटत होता. तीन वर्षांचे रविवार माझे... आणि ती उद्यापासून कुणाच्या तरी वरातीत फुलं चिकटवून फिरणार.

पोपटराव आत बसले. "चला, निघतो." सेल्फ दाबला. ढिम्म. पुन्हा दाबला. ढिम्म. मी आकाशाकडे बघत उभा राहिलो. नाही सुरू झाली तर नाही, मी थोडंच अडवलंय? पण सुनंदा सरळ मनाची बाई. ती खिडकीशी जाऊन म्हणाली, "भाऊ, येतो म्हणा."

"हां, ते तर म्हनायचंच ऱ्हायलं!" पोपटराव हसले. "येतो हं वहिनी!"

धडधडधड! गाडी गेटाबाहेर पडली, वळली आणि दिसेनाशी झाली. मी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवा झालो. सुनंदानं चहा आणून ठेवला. शिवणक्लासचा विषयसुद्धा काढला नाही.

दुपारी फोन वाजला. पोपटराव, पेठ रोडवरच्या कुठल्याशा बूथवरून. "साहेब, घाटाच्या अलीकडं गाडी बंद पडली ना!"

"येतो म्हणालात का?"

"धा येळा म्हनलो! लोक बघाया लागले! अन् ऐका तर... ढकलून बाजूला घेताना तिचं त्वांड नाशिककडं झालं, तर लगेच चालू. पुन्हा पेठकडं वळवली, तर बंद! काय भानगड हाय ही?"

मी रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला. सुनंदा शेजारीच कान लावून होती. "त्यांनी मला येतो म्हटलंय ना," ती म्हणाली. "मग परत आल्याशिवाय पुढे कशी जाईल ती?"

एवढं बोलून ती बाहेर गेली आणि तिनं गेट सताड उघडलं.

दिवेलागणीच्या आत गाडी पार्किंगमध्ये होती. तीन वर्षं तिच्या नावानं बोटं मोडणारी माझी बायको बॉनेटवरची धूळ स्वतःच्या पदरानं पुसत होती. शिवणक्लास गच्चीवर भरायला लागला, तो आजतागायत तिथेच भरतो.

नंतर मी इग्निशनची प्रत्येक वायर तपासली. अन्वरभाईंनी तपासली. कारखान्यातल्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरला जेवायला बोलावून त्यालाही तपासायला लावलं. काही सापडलं नाही. तुमच्यापैकी कुणाला कारण माहीत असेल तर जरूर कळवा, मात्र "योगायोग" एवढंच लिहिणार असाल तर राहू द्या, ते मी स्वतःला सांगून थकलोय.

पोपटरावांनी मात्र कारण वगैरे विचारलं नाही. व्यवहार मोडला, पाणी प्यायले आणि एसटीनं परत जायला उठले. दारात चपला घातल्या, गाडीकडे तिरक्या नजरेनं बघितलं, दोन पावलं लांबून गेले आणि एकेक अक्षर सुटं करून, खणखणीत आवाजात म्हणाले,

"वहिनी, जा-तो मी."