जागा एक, आम्ही दोघी

ती पहिल्या दिवशी आली तेव्हा तिच्या पायात प्लास्टिकच्या चपला होत्या आणि माझ्या पायात नवे बूट. मी मनातल्या मनात तिथेच निकाल लावून टाकला. माझे निकाल असेच झटपट लागतात आणि बहुतेक वेळा चुकतात.

महापालिका, कारखानदारांची संघटना आणि एक स्वयंसेवी संस्था अशा तिघांनी मिळून आमच्या नाशकात एक उपक्रम सुरू केला होता. वस्त्यांमधल्या आणि पाड्यांवरून आलेल्या बेकार पोरापोरींना शोधायचं, त्यांना कारखान्यांत शिकाऊ म्हणून लावून द्यायचं, आणि हे काम तरुणांनीच करायचं. त्यासाठी आम्हा वीस जणांची निवड झाली होती. सहा महिने काम, आणि शेवटी विसांतून एकाला वर्षभरासाठी समन्वयक म्हणून ठेवणार होते. मानधन, टेबल, खुर्ची, गळ्यात ओळखपत्र.

मला ती खुर्ची हवी होती. डिप्लोमा होऊन दोन वर्षं मी घरी बसले होते. सिडकोतल्या आमच्या गल्लीत आईनं पहिल्याच आठवड्यात 'पोरगी महापालिकेत लागली' असं सांगून टाकलं होतं. लागले कसली, सहा महिन्यांची पाहुणी होते. पण आईला खोटं पाडायचं नसेल तर ती जागा मिळवणं भाग होतं. विसांत माझ्याइतकं चुरचुरीत बोलणारं कुणी नव्हतं, त्यामुळे मी निर्धास्त होते.

ती हरसूलच्या पुढच्या एका पाड्यावरची. शहरात वसतिगृहात राहून बारावी केलेली, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. मला ताई म्हणायची. बैठकीत तोंड उघडायची नाही. तिची मला जरासुद्धा भीती वाटली नव्हती, मार्चमधल्या रोजगार मेळाव्यापर्यंत.

त्या मेळाव्याची आखणी माझी. रंगीत टोकन, कारखान्यांची टेबलं, बाणांच्या पाट्या, सगळं माझ्या डोक्यातून निघालेलं. पेठ नाक्यावर सकाळी बांधकामाच्या कामासाठी उभी राहणारी अकरा पोरं तिनं बोलावून आणली होती. मी त्यांची नावं लिहून घेतली आणि पटापट वाटणी केली. चौघं एका कारखान्यात, तिघं दुसऱ्या, उरलेले तिसऱ्या. कुठे किती जागा रिकाम्या आहेत ते मला तोंडपाठ होतं. पोरांनी टोकनं हातात घेतली, आपापसांत काहीतरी बोलली, आणि अकराच्या अकरा टोकनं माझ्या टेबलावर ठेवून चालू लागली.

"बघा सर, यांचे नखरे," मी उपक्रमाच्या प्रमुख साहेबांना म्हणाले. "काम द्यायला बसलो तर घेत नाहीत."

ती त्यांच्या मागे धावली. अर्ध्या तासानं एकटीच परत आली आणि माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "ताई, ती एकाच टोळीची हाय. एका खोलीत राहतात, एकाच पातेल्यात रांधतात. तुम्ही तीन ठिकाणी घातली. कोणाची पाळी दिवसाची, कोणाची रातची. मग रांधायचं कोणी अन् खायचं कधी? एकालाही काम नाय लागलं तरी चालंल म्हणतात, पण टोळी मोडायची नाय."

हळूच म्हणाली, पण साहेब मागेच उभे होते. त्यांनी लगेच एका कारखानदाराला गाठलं, आणि आठवड्याभरात अकराही जण सातपूरला एकाच कारखान्यात, एकाच पाळीत कामाला लागले. त्यातला एकही पळाला नाही. मी लावून दिलेल्यांपैकी निम्मे महिन्याभरात गायब झाले होते.

त्यानंतर प्रत्येक बैठकीत साहेबांचं एकच पालुपद, "अरे, ते पातेल्याचं लक्षात ठेवा." मी चाळीस पानांचा अहवाल लिहिला होता, तक्त्यांसकट. तो कुणी उघडूनही पाहिला नाही आणि पातेलं मात्र आयुक्तांपर्यंत पोचलं. माझा असा जळफळाट व्हायचा की काय सांगू. ती बैठकीत अवघडून बसायची, पदराशी चाळा करावा तसा ओढणीशी चाळा करायची, आणि मला वाटायचं, हे सोंग आहे. ते सोंग नव्हतं हे मला तेव्हाही ठाऊक होतं, आणि म्हणूनच ती जास्त डोळ्यांत खुपायची.

जुलैत शेवटच्या निवडीसाठी तीन नावं निघाली. तिचं, माझं आणि देवळाली कॅम्पातल्या एका फौजीच्या मुलाचं. त्या मुलाला स्वतःलाच सैन्यभरतीला जायचं होतं, तो काही स्पर्धेत नव्हता. मुलाखतीचा दिवस ठरायचा बाकी होता, आणि नेमकी ती गावी निघाली. भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, आली होती. त्यांच्याकडे आवणी लागली की नोकरीवाला असो की शाळेतला, माणूस घरी जातोच. त्यासाठी कुणी अर्ज करत नाही आणि कुणी परवानगी मागत नाही. साहेबांना सांगायला हवं हे तिच्या डोक्यातच आलं नाही. तिनं सांगितलं फक्त मला.

"पावसात पाड्यावर फोन लागत नाय, ताई. काही निघालं तर संध्याकाळच्या मुक्कामी गाडीच्या कंडक्टरपाशी चिठ्ठी द्या. गाडी रातच्याला आमच्याकडंच थांबते. तो घरी पोचवतो, अन् मी सकाळी त्याच गाडीनं येते."

दोनच दिवसांनी, गुरुवारी दुपारी चारला साहेबांनी मला बोलावलं. मुलाखती उद्याच, अकरा वाजता. "तिघांना कळवायचं काम तुझं." मी ग्रुपवर मेसेज टाकला. फौजीच्या मुलानं लगेच होकाराचं अंगठ्याचं चिन्ह टाकलं. तिच्यापर्यंत मेसेज पोचलाच नव्हता.

मी चिठ्ठी लिहिली, हे मी आवर्जून सांगते. चांगल्या अक्षरात लिहिली. 'उद्या अकराला मुलाखत आहे, सकाळच्या गाडीनं निघ.' बसस्टँड आमच्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर. उपक्रमानं आम्हा सगळ्यांना दिलेला पिवळा रेनकोट अंगावर चढवून मी चालत गेले. गाडी लागलेली होती. खताच्या गोण्या, पाट्या, लेकरं, सगळं आत कोंबणं चाललं होतं. लोक कंडक्टरला काय काय देत होते. कुणी औषधाची पुडी, कुणी चष्मा, कुणी नुसताच निरोप. तो ते खिशात टाकत होता आणि कुणाकडे द्यायचं ते स्वतःशी पुटपुटत होता. त्याच्यासाठी ते रोजचंच होतं.

मी खांबाला टेकून उभी राहिले. पाच पावलांवर तो होता. चिठ्ठी माझ्या मुठीत होती. मला आठवलं ते पातेलं. उद्या ही येणार, दोन वाक्यं बोलणार, आणि साहेबांचा चेहरा उजळणार. घरी आई दारात उभी असेल आणि मी तिला सांगणार, नाही झालं. पाच पावलं मी टाकली नाहीत.

"कुठं जायचं, ताई?" कंडक्टरनं दारातून विचारलं.

"कुठे नाही," मी म्हणाले.

त्यानं घंटी मारली आणि गाडी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पाऊण तास तिची वाट पाहिली. "तिला कळवलं होतंस ना?" "मेसेज टाकला होता, सर." वाक्य खरं होतं, त्यात कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. संघटनेचे एक गृहस्थ म्हणाले, "नुसतं काम करून चालत नाही. वेळेवर हजर राहणं हाही नेतृत्वाचाच भाग आहे." मी मान डोलावली. खुर्ची मला मिळाली, आणि आईनं गल्लीभर पेढे वाटले.

ती पुढच्या आठवड्यात परतली. चिखलानं पायांना भेगा पडल्या होत्या. माझ्यासाठी तिनं पिशवीभर रानभाजी, कर्टुली, आणली होती. "बरं झालं ताई, तुम्हाला मिळालं," म्हणाली. मी घाईघाईनं म्हणाले, "अगं, मेसेज टाकला होता मी." "हां, हरसूलला रेंज आली तवा दिसला," एवढंच बोलून ती गेली. महिन्याभरात ती त्याच सातपूरच्या कारखान्यात अकरा पोरांबरोबर कामाला लागली.

म्हणजे सुंठीवाचून खोकला गेला असं वाटायला हवं होतं. पण वर्षभर तो खोकला माझ्या टेबलाशी येत राहिला. नवी पोरं आली की विचारायची, "त्या ताई कुठायत?" एखाद्या टोळीनं काम सोडलं की ती मला नाही, तिला फोन करायची. मग मी तिला फोन करायचे, "जरा बोल ना त्यांच्याशी." ती पाळी सुटली की यायची, पोरांशी अर्धा तास बोलायची आणि निघून जायची. अहवालात मी लिहायचे, 'समन्वयकाच्या प्रयत्नांनी प्रश्न मिटला.' खुर्ची माझी होती आणि काम तिचं, आणि तरीही जळत मीच होते.

गेल्या महिन्यात माझं वर्ष संपत आलं तेव्हा मला ते पोटात ठेवणं अशक्य झालं. कारखान्याच्या फाटकासमोरच्या टपरीवर मी तिला चहाला नेलं आणि सांगून टाकलं. "मी चिठ्ठी लिहिली होती. गाडीपाशी गेले होते. दिली नाही."

तिनं चहाचा घोट घेतला. "माहितीये, ताई."

"कसं?"

"कंडक्टर म्हणला ना. तुमच्या हापिसातली पिवळ्या कोटातली ताई गाडी सुटंस्तोवर खांबाशी उभी व्हती, हातात कागद व्हता, पण दिला काय नाय."

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कर्टुली आणली तेव्हाही. मी हाक मारली की धावत यायची तेव्हाही.

"मग साहेबांना का नाही सांगितलंस?"

"सांगून काय व्हनार? तुमचं गेलं असतं, अन् मला कोणी परत बोलावलं असतं का? मेसेज तर तुम्ही टाकलाच व्हता." तिनं रिकामा ग्लास खाली ठेवला. "मला राग आला व्हता, ताई. लय आला व्हता. पण पोरांचं काम अडलं की तुम्ही फोन तरी करता. दुसरं कोणी असतं तर तेवढंही नाय केलं असतं."

तिनं माझ्या आधी चहाचे पैसे दिले आणि पाळीवर गेली.

दोन दिवसांनी साहेबांनी मुदतवाढीचा कागद समोर ठेवला. आणखी एक वर्ष. "की दुसऱ्या कुणाला संधी द्यायची? तुझ्या मनात कुणी असेल तर सांग," त्यांनी अगदी सहज विचारलं. तिचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. मग मी पेन उघडलं आणि सही केली.

माझ्या जागी ती असती तर तिनं नाव सांगितलं असतं. तिचं हेच मला सहन होत नाही.