मालनबाईनं न उघडलेलं दार

गारखेड्याच्या त्या गल्लीत मालनबाईच्या तोंडी कुणी लागत नसे. बाई मनानं वाईट नव्हती हो, पण हट्टी. नवरा गेल्यावर लोकांच्या घरी पोळ्या लाटून तिनं सुयशला वाढवलं, त्याला रिक्षा घेऊन दिली. रविवारची चर्चमधली उपासना कधी चुकवली नाही. शेजाऱ्यावर प्रीती करा, हे वचन तर तिला तोंडपाठ. आणि भांडण कुणाशी? तर भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या केसरबाईशी.

कारण पाणी. आपल्या शहरात नळाला पाणी यायचं असलं की लोक लग्नाचं आमंत्रण सोडून घरी थांबतात. मालनबाईनं नळाला मोटार जोडली. हिच्या टाकीत धो धो पाणी आणि केसरबाईचा नळ नुसता फुसफुसतोय. केसरबाईनं जाब विचारला, तर मालनबाईनं तिचं सगळं खानदान काढलं. तेव्हापासून दोघींचा अबोला.

त्या दुपारी पाणी आलं होतं, मोटार घरघरत होती. सुयश जेवायला बसला होता, रिक्षा दारात उभी. तेवढ्यात दार वाजलं. बाहेरून केसरबाई हाका मारत होती. सुयश ताटावरून उठायला लागला, तर मालनबाईनं त्याचा खांदा दाबला. आली असंल मोटारीवरनं भांडायला, म्हणाली, तू जेव गुमान. दार बराच वेळ वाजत राहिलं. मग थांबलं.

केसरबाईच्या नवऱ्याच्या, साहेबरावांच्या छातीत कळ आली होती. धावाधाव करून दुसरं वाहन मिळवलं, पण घाटी दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मालनबाई मातीला गेली, पण केसरबाईच्या नजरेला नजर देता आली नाही. सुयश म्हणाला, आई, आपल्याला कुठं ठाऊक होतं? गल्ली म्हणाली, त्यांची वेळच भरली होती. चर्चच्या पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, प्रभूची कृपा मोठी आहे म्हणाले. सगळ्यांनी मिळून तिला सोडवलं, पण ती काही सुटेना. मोटारही काढून टाकली, तरी नाही. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकरीचं ताट समोर आलं, तेव्हा तिनं ते तसंच पुढं सरकवलं. ज्या हातानं पोराला दाबून बसवलं, त्या हातानं प्रभूची भाकर घ्यायची कशी?

उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनी तिला बाजूला घेऊन विचारलं.

"देवाला माफी मागून मागून गुडघे दुखायला लागले, साहेब," ती म्हणाली. "पण पाप बाजूच्या घराशी केलं मी. तिथं एकदाबी गेले नाय."

पाळकसाहेब हळूच म्हणाले, जा.

ती तशीच गेली. केसरबाई उंबऱ्यात ज्वारी निवडत बसली होती. मालनबाईनं उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. हाक ऐकली होती, पोरगं उठत होतं, मीच बसवलं. दोष ना पोराचा, ना सैतानाचा, माझाच. शिव्या द्या, झिंज्या उपटा, काय करायचं ते करा.

केसरबाईची बोटं सुपात थांबली.

"तुमी घरात हाये, हे ठाऊक व्हतं मला," ती म्हणाली. "पलीकडच्या दारात बी तवा एक रिक्षा व्हती, मागनं निघून गेली. तिकडं गेले नाय मी. म्हनलं, भांडली तरी मालनबाई देवाधर्माची बाई हाये, उघडंल. म्हणून तुमच्याच दारात उभी राह्यले."

शिव्या मालनबाईनं पेलल्या असत्या. हे कसं पेलावं? भिंतीला धरून ती ढसाढसा रडायला लागली.

केसरबाईनंही डोळ्याला पदर लावला. माफ केलं, असं काही ती म्हणाली नाही. म्हणवतच नव्हतं बिचारीला. मग तिनं सूप बाजूला ठेवलं, आणि सरकून उंबऱ्यात जागा केली.

"बसा," ती म्हणाली. "असं एकटीनं, उभ्यानं रडू नका."