राहीबाईच्या मापाची घोंगडी

नवऱ्याचा गुडघा कामातून गेला, तशी राहीबाई एकटीच मेंढरामागं शेवगावच्या पूर्वेकडचा माळ तुडवू लागली. चालण्याचं तिला काही वाटत नसे. वैताग होता तो नवऱ्याच्या घोंगडीचा. तो उंच, ही ठेंगणी. पावसात ती दुमडून डोक्यावर खोळ घेतली की मागचं टोक चिखलात लोळायचं, भिजून जड व्हायचं आणि पळताना पायात यायचं.

सून पूजा हिनं बाजारातून गुलाबी रेनकोट आणला. राहीबाईनं तो हौसेनं घातला. दुपारपर्यंत बाभळीच्या काट्यांनी त्याच्या चिंध्या केल्या, आणि त्याच्या सळसळीनं मेंढरं बुजली ती वेगळीच.

"दुसरा आणू का, आत्या?" पूजानं विचारलं.

"नगं. मला माझ्या मापाची घोंगडी पायजे."

नवरा खाटेवरून हसला. "बाईच्या मापाची घोंगडी कुनी इनलीय का कधी?"

"न्हाई ना? मग आता इनंल."

लोकरीला हल्ली गिऱ्हाईक नव्हतं. कातरलेली लोकर झोपडीमागं तशीच पडून होती. त्यातली काळीभोर निवडून राहीबाईनं सूत कातलं आणि मच्छिंद्र विणकराचं घर गाठलं. त्याच्या मागाच्या खड्ड्यात आता कांदे साठवलेले होते.

"बाई, माजा आजा इनायचा तवा घोंगडीबिगर रानात पाऊल टाकत न्हवतं कुनी," तो म्हणाला. "पावसात खोळ, बसायला आसन, रातीला अंथरून. देवाम्होरंबी तीच. आता ब्लँकेटं आली सोलापुरी, मऊ मऊ. कोन इचारतंय?"

"मी इचारतीय की, दादा. नडगीपातूर करा. आन् गळ्याशी बांधायला बंद द्या."

मच्छिंद्रचा चेहरा पडला. "घोंगडीला बंद? देवाम्होरं अंथरायची असती ती, तिला सुई लावत न्हाईत."

"खोळ धरायला एक हात जातो. पुरुषमानूस काठी टेकून उभा ऱ्हातो, त्याला चालतं. मला कोकरू उचलायचं असतं, दादा."

त्यानं तिच्या सुताचा पदर बोटांत पिळून बघितला. मग म्हणाला, "काठाचंच सूत पिळून दोरी काढतो. म्हंजे सुई लागायची न्हाई."

त्यानं कांदे उपसले, माग झाडला. घोंगडी विणून झाल्यावर तिला चिंचोक्याची खळ लावून उन्हात ताणली. राहीबाईनं ती पांघरली, दोरी बांधली आणि दोन्ही हात हवेत हलवून बघितले. मच्छिंद्रला हसूच आवरेना.

फाल्गुनात माळावर गारा कोसळल्या. नेमकी तेव्हाच एक मेंढी विताना अडली. बाकी मेंढपाळ झाडाखाली पळाले. राहीबाई तिथंच गुडघ्यावर बसली. पाठीवर गारा ताडताड वाजत होत्या, पण दोन्ही हात मोकळे होते. कोकरू ओढून काढलं, तोंड पुसलं आणि घोंगडीत घेतलं. आतून त्याची कोमट धडधड तिच्या पोटाला लागत होती.

गारा थांबल्यावर शेजारच्या कळपाची दगडाबाई आली. तिनं कोकरू पाहिलं, मग घोंगडीचा काठ बोटांनी चाचपला.

"ही दोरी कुनी काढली गं?"

"मच्छिंद्रदादानं."

"माज्याकडं बी लई लोकर पडलीय," दगडाबाई म्हणाली. "पर मी तुज्यापरास उंच हाय. त्याला सांग, चार बोटं वाढवून लागंल."

"तूच चल की," राहीबाई म्हणाली, "माप तुजं घ्यायचंय."

दोघी चिखलातून मेंढरं हाकत निघाल्या. कोकरू घोंगडीच्या आतून बें-बें करत होतं.