पाणसळ लावलेली नाव

गोंदियाहून छोट्या गाडीनं जबलपूरला पोचलो तेव्हा हाडं न् हाडं खिळखिळी झाली होती. लढाईचे दिवस. कांचघर मोहल्ल्यात ताईच्या घरी दिव्यांना काळे कागद लावलेले, आणि कारखान्यात फिटर असलेले भाऊजी दोन-दोन पाळ्या करत होते.

अंगणात एक निमुळती नाव पडली होती. बांबूच्या कामट्यांवर ताडपत्री, वरून बंद, मधल्या भोकात एकानं बसायचं. कयाक म्हणे! भाऊजींनी जुन्या मासिकातलं चित्र पाहून दोन वर्षं खपून ती केली होती. पण मागच्या खेपेला लाटांत वळलीच नाही. साऱ्या घाटादेखत केवटानं (नावाड्यानं) ओढून आणली.

"उद्या यांना सुट्टी आहे. उद्या वळली नाही ना, तर परवा बंबात घालते," ताई मला वाढताना म्हणाली. "पूरी बस्ती हसून राहिली यांना."

भाऊजी मान खाली घालून जेवत होते. एवढा राबणारा माणूस आणि हा एकच नाद. मला फार वाईट वाटलं.

सकाळी हातगाडीवर नाव घालून आम्ही तिघांनी ग्वारीघाट गाठला. मी पोहे-जलेबी हाणली; भाऊजींनी आपला पुडा तसाच हातगाडीवर ठेवला. वारा सुटला होता, नर्मदेवर लाटा उठत होत्या.

भाऊजी नावेत बसले आणि मी कपाळावर हात मारला. समोरच्या फळीवर त्यांनी पाणसळ स्क्रूनं पक्की केली होती! कारखान्यातली सवय, आधी लेव्हल, मग बाकीचं. काचेतला बुडबुडा मधोमध ठेवत ते ताठ वल्हवू लागले. नाव सरळ गेली आणि सरळच जात राहिली.

"काहून वळत नाही रे?" ताईनं माझा दंड धरला. तिचा राग कुठल्या कुठे पळाला होता, ती घाबरली होती.

म्हातारा केवट डोंगी घेऊन जवळ गेला आणि पाणसळ पाहून खो-खो हसला. "बाबूजी, नदी को मेज समझ लिया? नाव तिरछी करो! दाहिने मुड़ना है तो बायाँ कूल्हा दबाओ, दाहिना घुटना उठाओ, बदन सीधा. लहर के माथे पर आते ही बाईं तरफ लंबा चप्पू!"

"अरे भैया, बुलबुला चला जाएगा!"

"जाने दो!"

भाऊजींनी डाव्या कुल्ल्यावर भार देऊन नावेची डावी कड पाण्याला टेकवली. लाट नावेखाली आली, दोन्ही टोकं अधांतरी झाली, वल्ह्याचा एक लांब फटकारा, आणि नाव गर्रकन घाटाकडे वळली.

"अगं बाई!" ताई टाळ्या पिटत गुडघाभर पाण्यात शिरली.

तिसऱ्या वळणाला भाऊजी काठाजवळ पालथे झाले, पण वर आले ते हसतच.

नागपूरला घरी येऊन पिशवी उघडली तर चिवड्याच्या डब्याखाली भाऊजींनी नावेवरून काढून ठेवलेली पाणसळ. ती लावून मी भिंतीवर फळी सरळ ठोकली. तिथं ती हवीच. पण लाटेत वळायचं तर थोडं कलावं लागतं, हे चाळिशीत नर्मदेवर कळलं.

लढाई थांबल्यावर ताईचं पत्र आलं: 'दिव्यांचे कागद काढले. बंबाला लाकडं विकत आणली. नाव ठीक आहे. यांना सांगितलंय, आता माझ्या मापाचं एक वल्हं करा.'