दीड वीत पाणी

निंग बाओलूनं जन्मभर पाण्याचीच चाकरी केली. बीजिंगमधल्या त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी हमाम होता, सार्वजनिक न्हाणीघर, तिथं चाळीस वर्षं तो पाणी तापवायचा. हौदात कोपर बुडवलं की सांगायचा, "हे गुडघेदुखीवाल्यांचं पाणी झालंय, पोराबाळांना अर्ध्या तासानं सोडा." भिंतीवर थर्मामीटर होता, पण तो तपासणीला साहेब आले की दाखवायला.

घरी आला की पुन्हा पाण्यापाशीच. अंगणात डाळिंबाखाली रुंद तोंडाचं मातीचं कुंड होतं, त्यात त्याचे सोनमासे. "दिवसभर लोकांच्या पाठी बघता, घरी येऊन माशांच्या बघता," त्याची बायको सू म्हणायची. ते खरंच होतं. कुंडातला मासा वरूनच बघायचा असतो. पाठ सरळ हवी, शेपूट उमललेली हवी. पोट कसं आहे ते कुणी विचारत नाही.

त्यातला एक होता भिक्षू. अंगानं पिकल्या खजुरासारखा तांबूस, पाठीवर पर नाही आणि दोन्ही डोळे आभाळाकडे लागलेले. ती जातच तशी. पिढ्यानपिढ्या कुंडात वाढवून वाढवून त्यांचे डोळे वर गेले, आता त्यांना पुढचंही दिसत नाही आणि खालचंही. कुंडावर वाकलं की तो थेट आपल्या तोंडाकडे बघतो. नाव सूनंच ठेवलं. "सारखं वर बघून मागत असतो, भिक्षूच आहे," म्हणाली. आणि निंग पेपरात डोकं घालून बसलेला असला की त्याला ऐकू जाईल अशा बेतानं माशाशी बोलायची, "बाबा रे, या घरात मान वर करून माझ्याकडे बघणारा तू एकटाच."

सू गेल्यानंतर चार वर्षांनी गल्ली रिकामी करायची नोटीस लागली. मुलगी युनश्या नव्या वस्तीत सहाव्या मजल्यावर राहायची. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. ती म्हणाली, "बाबा, तुमची खोली तयार आहे. तुमच्या माशाचीही सोय केलीय, काळजी नको." काय सोय, ते मात्र सांगितलं नाही.

म्हाताऱ्यानं बाकीचे मासे गल्लीतल्यांना वाटून टाकले. भिक्षूला बादलीत घेतलं आणि कुंडातलं जुनं हिरवं पाणी गरम पाण्याच्या दोन थर्मासांत भरलं. नवीन पाण्यात जुनं मिसळल्याशिवाय मासा सोडत नाहीत, हे त्या गल्लीत शेंबड्या पोराला ठाऊक. युनश्याला मात्र घाईत सुचलं नाही. बाबा दमून आलेत म्हणून तिनं गरम पाणी समजून त्यातल्याच एका थर्मासातून मोगऱ्याचा चहा केला.

"बाबा, चहा असा कसा झाला?"

"चांगला झालाय," म्हातारा कपात बघत म्हणाला. "थोडा माशाला ठेव."

मग तिनं सोय दाखवली. बैठकीच्या भिंतीला लागून मोठी काचेची टाकी. खाली कमरेइतकं कपाट, त्यावर दोन हात खोल पाणी, आत दिवा, पंप, हिरव्या प्लास्टिकचं गवत. सगळं चकचकीत. भाजीबाजारात लोणच्याच्या गाड्यावर दोन वर्षं उभी राहून तिनं त्यासाठी पैसे साठवले होते. शेजारणी येऊन बघून गेल्या होत्या. तिचा चेहरा असा फुलला होता की म्हाताऱ्यानं नुसतं विचारलं, "केवढी गं ही?"

"मोठी आहे ना? आता वाकायला नको तुम्हाला. कोचावर बसून बघायचं."

उरलेलं दीड थर्मास जुनं पाणी त्यानं टाकीत ओतलं. त्या एवढ्या पाण्यात ते कुठं गेलं, कळलंही नाही.

भिक्षूची सवय दीड वीत पाण्याची. पाठीवर पर नसलेला मासा, त्याला पोहणं कसलं, डुलणंच ते. तो तळाशी जाऊन बसला. वर यायला निघाला की पंपाचा झोत त्याला कोपऱ्यात लोटायचा. म्हातारा सायकलनं तळ्यावर जाऊन फडक्याच्या जाळीनं त्याच्या खाण्याचे बारीक किडे, लाल पाणपिसवा आणायचा, ताज्या, वळवळणाऱ्या. कुंडात त्या नेमक्या तोंडावर सोडता यायच्या. इथं झोत त्यांना गवतात नेऊन घालायचा आणि भिक्षू तळाशी बसून छताकडे बघत राहायचा. कोचावरून बघणाऱ्याला त्याची फक्त हनुवटी दिसायची. पंधरा दिवसांत त्याचा शेपटाकडचा भाग बारीक झाला.

म्हाताऱ्यानं हे मुलीला सांगितलं नाही. ती कामाला गेली की मोरीतलं स्टूल आणायचं, त्यावर चढायचं, झाकण सरकवून आत बघायचं. भिक्षूही खालून बघायचा. दोघांचं एवढंच चालायचं.

जुन्या गल्लीतला कबुतरवाला छ्वे एकदा भेटायला आला तेव्हा हा स्टुलावरच होता.

"काय रे, बल्ब बदलतोस?"

"बघतोय."

"बघायला चढावं लागतं? मग मासा कशाला, जिराफ पाळायचास." छ्वेनं टाकीला फेरी मारली. "हा मरेल, बाओलू. सांग पोरीला."

"तिनं दोन वर्षं लोणची विकली यासाठी."

"मग हा मेल्यावर तिला बरं वाटेल?"

म्हाताऱ्यानं छ्वेला तिळाची भाकरी वाढली आणि कबुतरांचा विषय काढला.

चार दिवसांनी बाजार लवकर उठला आणि युनश्या दुपारीच घरी आली. बाप स्टुलावर, एक हात खांद्यापर्यंत पाण्यात, चिमटीत पाणपिसवा. टाचा हवेत.

"बाबा, खाली उतरा. आधी उतरा."

"पुसत होतो."

"आतून?"

तो उतरला, बाही पिळली आणि पाणपिसवा आणतो म्हणून सायकल घेऊन निघून गेला. पिसवांनी भरलेला डबा टेबलावरच होता.

युनश्या स्टूल मोरीत ठेवायला निघाली होती. मग ती स्वतःच त्यावर चढली, बाप रोज काय बघतो ते बघायला. खाली, फार खाली, दोन डोळे तिच्याकडे लागलेले होते. लहानपणी कुंडावर वाकलं की लागायचे तसेच. तीन आठवडे ती कोचावर बसून या माशाला बघत होती, आणि त्यानं तिला एकदाही बघितलं नव्हतं. पाठीचा कणाही वरूनच दिसला, सुरीसारखा वर आलेला.

तिनं पंप बंद केला. रबरी नळी टाकीत सोडली, दुसरं टोक तोंडात धरून ओढलं. आई ओढायची तसं. घोटभर पाणी पोटात गेलंच.

म्हातारा आला तेव्हा मोरी भरून वाहत होती, प्लास्टिकचं गवत कचऱ्यात होतं, आणि भिक्षू बादलीत.

"कुणी सांगितलं तुला?"

"त्यानंच," ती बादलीकडे बोट दाखवत म्हणाली. "तुम्ही कुठं सांगताय. तो मेला असता तरी तुम्ही म्हणाला असतात, टाकी छान आहे."

"छानच आहे."

"बाबा."

"खोल आहे," म्हातारा म्हणाला. एवढंच बोलायला त्याला तीन आठवडे लागले.

छ्वेला बोलावणं गेलं, खालच्या मजल्यावरचे दोघे आले, आणि रिकामी टाकी कपाटावरून उतरवून बंद गॅलरीत फरशीवर ठेवली. तळाला दीड वीत पाणी, झोत नाही, झाकण नाही. "एवढी महागाची काच, वर नुसती हवा पाळणार का?" छ्वे म्हणाला. म्हाताऱ्यानं काचेच्या काठावर आपला टॉवेल वाळत घातला आणि हमामातून आणलेलं आपलं बुटकं स्टूल शेजारी ओढलं.

भिक्षूनं दोन दिवस काही खाल्लं नाही. त्या दोन दिवसांत बाप-लेकीनंही शेवया नुसत्या चिवडल्या. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं काठावर नखानं टिचकी मारली, चिमूट पाण्याला टेकवली, आणि तोंड येऊन बोटाला लागलं. त्यानं दुसरी चिमूट घेतली.

पाणी कुंडातल्यासारखं हिरवं व्हायला उन्हाळा उजाडावा लागला. तोवर भिक्षूचा शेपटाकडचा भागही भरला. त्या दिवसांतली गोष्ट, म्हातारा टाकीशेजारी पेपर वाचत बसला होता. युनश्या जेवायला बोलवायला आली आणि टॉवेल काढायला टाकीवर वाकली. भिक्षूनं तिच्याकडे बघितलं.

पेपर खाली आला. म्हाताऱ्यानंही मान वर करून तिच्याकडे बघितलं, बराच वेळ.

"काय झालं?" युनश्या म्हणाली. "चला, शेवया चिकटताहेत."