आंब्याखाली कुणी नव्हतं

एनेलेसीबाई अकरा वर्षं आमच्या फिरत्या दवाखान्यासाठी फुकट राबते. दर बुधवारी तीन गावं पायी फिरून गाडी येणार म्हणून दारोदार सांगते. गुरुवारी पहाटे आंब्याखालची जागा झाडून पोरांना तोलायचा काटा फांदीला टांगते. पण स्वयंसेवक म्हणून फोटो निघतात ते परदेशातून पंधरा दिवसांसाठी येणाऱ्यांचे. मी नुसता ड्रायव्हर, तरी मला याचा संताप येतो.

त्या गुरुवारी चिंबालांगाच्या वाटेवर हिरव्या फांद्या टाकलेल्या दिसल्या. फांद्या दिसल्या की मलावीतला कुठलाही ड्रायव्हर वेग कमी करतो, कारण पुढे कुणीतरी वारलेलं असतं. अशा दिवशी गावात कुणी कुदळही उचलत नाही. पथकाच्या परदेशी प्रमुख मार्लीसबाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, दोनपर्यंतच वेळ आहे, चला.

आंब्याखाली कुणी नव्हतं. दुःखाच्या घरातलं गाणं स्पष्ट ऐकू येत होतं, पण तासभरात पथकातला एकही परदेशी पाहुणा उठून तिकडे गेला नाही. शेवटी मार्लीसबाईंनी फॉर्मवर रुग्णसंख्या शून्य लिहिली आणि खाली शेरा मारला की गावाला गरज वाटत नाही, हा थांबा बंद करावा. बंद झाला तर पुढचा दवाखाना एकोणीस मैलांवर, तोही पायी.

माझं डोकं फिरलं. मी दुःखाच्या घरी जाऊन एनेलेसीला बोलावून आणलं आणि शेरा वाचून दाखवला.

"बाई, हाताला घड्याळ आहे तुमच्या," ती म्हणाली. "कानांना काय झालंय?"

मी एकही शब्द मऊ न करता ते मार्लीसबाईंना इंग्रजीत सांगितलं. मार्लीसबाई ओशाळल्या. कोण गेलं, त्यांनी विचारलं.

"लोसिताचा तीन वर्षांचा पोरगा. हिवतापानं. गेल्या गुरुवारी त्याला मांडीवर घेऊन ती अंधार पडेपर्यंत इथंच बसली होती. मीच बसवलं होतं तिला, गाडी येणार म्हणून."

गेल्या गुरुवारी गाडी आली नव्हती. पथक नदीवर पाणघोडे बघायला गेलं होतं.

दफन उरकल्यावर बायका पोरं पाठीला बांधून थेट आंब्याखाली आल्या. काटा टांगला गेला. सूर्य कलेपर्यंत सत्तेचाळीस जण तपासून झाले. दोनची आठवण कुणी काढली नाही. मग मार्लीसबाई तो शून्य खोडायला निघाल्या, तर एनेलेसीने फॉर्मवर हात ठेवला.

"शून्य राहू दे, आजचे सत्तेचाळीस नव्या फॉर्मवर लिहा. या फॉर्मवर गेल्या गुरुवारची तारीख घाला. आधीचा शेरा खोडून लिहा, लोक आले होते, दवाखाना आला नाही."

मार्लीसबाईंच्या हातातलं पेन हलेना. मी ते काढून घेतलं आणि एनेलेसीने सांगितलं तसंच लिहिलं. खाली सही माझी केली. पाणघोड्यांकडे गाडी मीच नेली होती.